गावकाराची झूल

शनिवार, १५ नोव्हेंबर. काम : माहेरचा गोठा रिकामा करणे.

दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला आहे. त्यानंतर त्याला घराच्या सात पायऱ्या चढता यायच्या नाहीत. म्हणून अंगणालगतच्या गोठ्याची खोली करायची, खाली फरशी घालायची, कोपऱ्यात कमोड बसवायचा, असं ठरलं आहे. गुरं विकून नऊ वर्षं झाली. वहिनीला धुळीने शिंका येतात, दादाला वाकता येत नाही, तेव्हा फोन मला आला. मी खारेपाटणहून सकाळच्या एसटीने आले, जुना गाऊन चढवला, तोंडाला फडका बांधला आणि माळ्याला शिडी लावली. आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून निम्मं आयुष्य गेलं. मला धुळीचं काही वाटत नाही.

दादाने एक गोष्ट मात्र फोनवर सांगितली नव्हती. ती अंगणात आल्यावर दिसली. फणसाला एक बकरा बांधला होता. काळा, तरणा, पुढ्यात फणसाच्या पानांचा ढीग.

"ह्यो कोणाचो?" मी विचारलं.

"त्यांकाच इचारा वन्सं," वहिनी म्हणाली आणि चहाचं निमित्त करून आत गेली.

दादा ओटीवरच्या खुर्चीत पाय लांब करून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या राखण देवची म्हणतंय. पण तू व्हय म्हटलंस तरच."

आमच्या वाडीचा राखणदार वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या माळावर, एका कुंब्याच्या झाडाखाली असतो. मूर्ती नाही, एक उभा दगड. भातकापणी झाली की घरटी एक कोंबडा त्याला देतात, तिथेच शिजवतात, तिथेच जेवतात. त्याला राखण म्हणतात, आणि आधी देवापुढे मोठ्याने जे मागणं घालतात त्याला गाऱ्हाणं. बकरा देतात तो नवसाचा. आमच्या घरावर बकऱ्याचा एकच नवस आहे, तो सव्वीस वर्षं फेडायचा राहिला आहे, आणि तो मी अडवलेला आहे. दादाला मी शपथ घातली होती. आता ऑपरेशनला जाण्याआधी ती त्याला माझ्याकडून सोडवून घ्यायची होती.

"गुडघो झिजलो हा तुझो. देवाचो त्यात काय संबंध नाय," मी म्हटलं.

"ता माका म्हायत आसा."

"मगे?"

तो बकऱ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आधी गोठो होऊंदे." आणि शिडी चढले.

माळ्यावर काय नव्हतं? मोडका लामणदिवा, कणग्यांची झाकणं, पावसाळी इरलं, त्याचा सांगाडा तेवढा उरलेला. उंदरांनी पोखरलेल्या पेंढ्याचा एक भारा ओढला तर त्याखाली एक जाड कापड हाताला लागलं. मी ते खाली फेकलं. धूळ बसली तेव्हा ओळखलं. पलटणीच्या कांबळ्याचा तुकडा, कडेने दुमडून शिवलेला, पोटाखालून बांधायला दोन नाड्या. आणि उजव्या अंगाला, खांद्याच्या जागी, लाल कापडाची एक फीत. एका फितीचा म्हणजे लान्स नाईक.

ती गावकाराची झूल होती.

मी शिडीवरच बसले. वरून कौलातून उन्हाची एक तिरीप येत होती आणि पेंढ्याचा जुना, गोडसर, नाकात जाऊन बसणारा वास.

गावकार हा बकरा होता. कारगिलच्या लढाईत दादाच्या तुकडीला रेशनला म्हणून जिवंत बकरे आले, त्यातला एक. ट्रक आला सोमवारी. तुकडीत आमच्याकडचे सहा जण होते आणि सहाही जण सोमवार पाळणारे. लढाई असली म्हणून काय झालं. साहेब म्हणाले, मग मंगळवारी कापा. मंगळवारी वर जायचा हुकूम आला. बुधवारी खाली उतरले तोवर पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, आणि नाव असलेला बकरा कोण कापणार? त्याला दाढी होती. रोट्यांच्या रांगेत तो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहायचा आणि पहिली रोटी आपलीच, असं त्याचं ठाम मत होतं. गावाच्या जत्रेत पहिला मान गावकाराचा. तसा हा. दादाने पत्रात लिहिलं होतं, "गावकाराक मान दिल्याशिवाय पंगत बसत नाय. तोफेचो आवाज येवच्या आधी ह्येका कळता. कान उभे करून पयलो बंकरात घुसता, मागसून आमी." आई ते पत्र सगळ्या वाडीला वाचायला लावायची आणि दर वेळी तोफेच्या जागी डोळे मिटायची.

झूल शिवली दिगूने. हा बकरा सपाटीवरचा, कोरड्या मुलखातला असावा. तिथल्या थंडीत रात्रभर कुडकुडायचा. दिगू दादाच्याच तुकडीत होता, त्या सहांतलाच. त्याचे वडील शिंपी, त्यामुळे सुई त्याच्या हाताला लहानपणापासून. टाके इतके बारीक आणि सरळ की आता सव्वीस वर्षांनी, उंदीर फिरून गेल्यावरही, एक सुटलेला नाही.

दिगूशी माझं लग्न ठरलं होतं. फेब्रुवारीत तो दादाबरोबर सुट्टीवर आला तेव्हा सुपारी फुटली. दिवाळीनंतरचा मुहूर्त. मी बावीस वर्षांची होते, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. आम्ही दोघं एकमेकांशी किती वेळा बोललो असू? तीन वेळा. एकदा कुडाळच्या बाजारात, एकदा आमच्या विहिरीवर, एकदा एसटीच्या खिडकीतून. विहिरीवर तो मला म्हणाला होता, "तुझा शिवणकाम बघलंय. पिशयेचो तळ सुटलो हा. लग्न झाल्यावर शिवण माझ्याकडे, इंजेक्शना तुझ्याकडे." ह्याला कोणी प्रेमाचं बोलणं म्हणणार नाही. मला ते पाठ आहे.

मे महिन्यात मी त्यांना पार्सल पाठवलं. मालवणच्या बाजारातला खाजा, आल्या-गुळाचा, आणि कोकमं. पार्सल तेव्हा कापडात शिवून द्यावं लागे. मांजरपाट कमी पडला, तोंड शिवायला कापड पुरेना, तेव्हा मी नव्या लाल परकराचा घेर कापून ठिगळ लावलं. आई ओरडली, "कच्चो रंग तो, चेडवा! पावसाचा थेंब लागलो तर सगळो खाजा लाल होतलो." मी म्हटलं, होऊंदे. माझे टाके वेडेवाकडे आले. लाखेचा शिक्का मारताना पोस्टातला माणूस हसला. पार्सल पोचलं का, हे कळायला काही मार्ग नव्हता. पत्र आलं नाही. पुढे जुलै आला.

जुलैत दिगू आला, तो झेंड्यात. त्यांच्या गावच्या रस्त्यावर इतकी माणसं होती की एसटी दोन मैल आधीच थांबली. पाऊस सरळ पडत होता. घोषणा, छत्र्या, चिखलात रुतलेल्या गाड्या, ओल्या झेंडूचा वास. मी पडवीच्या खांबापाशी बायकांत उभी होते. पुढे जायला मी कोण? सून नव्हे, बहीण नव्हे, शेजारीण नव्हे. कोणीतरी विचारलं, "ही कोण गो?" दुसरी हळूच म्हणाली, "हिच्याशीच जमलेला." मग दोघी जरा सरकल्या. तेवढी जागा मला मिळाली. त्याच्या आईने माझा हात एकदा धरला, मग तिला आत नेलं. परतीच्या एसटीत माझ्या साडीचं पाणी सीटवरून खाली ठिबकत होतं.

सप्टेंबरात दादा सुट्टीवर आला. मांडीत छर्रा गेला होता, तो काढला होता, पाय जरा ओढत होता. आम्ही नांदगाव स्टेशनवर गेलो. कोकण रेल्वे तेव्हा नवी होती. फलाट ओला, चकचकीत, वास रंगाचा आणि चिखलाचा. दादा डब्यातून उतरला आणि आईच्या पाया पडायच्या आधी लंगडत सामानाच्या डब्याकडे गेला. तिथून एक बकरा उतरवला. पलटणीची जागा बदलत होती, त्याला कुठे नेणार? सहातले चार उरलेले म्हणाले, गावकार आपल्या गावाक जाऊंदे.

फलाटावर पाय टेकल्यावर गावकाराने चारी दिशांना बघितलं, दाढी हलवली आणि आईच्या हातातल्या ओवाळणीच्या ताटातून तांदूळ खाल्ले. लोक हसले. आईही हसली. मी हसले नाही. मी झुलीवरची लाल फीत बघत होते.

"दिगून शिवल्यान," दादा म्हणाला. "खाज्याच्या पार्सलाचा कापाड. तो म्हणालो, ह्या कापाड फुकट घालवूचा नाय."

म्हणजे पार्सल पोचलं होतं. मला ते एका बकऱ्याच्या खांद्यावरून कळलं.

झूल त्याच दिवशी काढली. आमच्याकडच्या दमट हवेत तो धापा टाकायला लागला. मी ती घडी घालून माळ्यावर ठेवली आणि त्याला ह्या गोठ्यात, गव्हाणीच्या उजव्या बाजूला बांधलं. त्याच्या अंगाला एक वास होता. बकऱ्याचा उग्र वास असतो तो होताच, पण त्याखाली दुसरा. रॉकेलचा, धुराचा, कांबळ्याचा. मी त्याच्या मानेला नाक लावून तो घेत असे. गाय माझ्याकडे संशयाने बघायची.

मग चतुर्थी आली. घरात गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटवी बांधली. कवंडळं, हरणं, कांगल्या, तेरड्याच्या जुड्या. भजनाच्या बाऱ्या, टाळ, मृदंग, खिरापतीचा वास. आरतीनंतर पोरांनी अंगणात फटाक्यांची माळ लावली. माळ संपल्यावर बघतो तर दादा कुठे नाही. आईने हाका मारल्या. मी कंदील घेऊन गोठ्यात गेले. गावकार गव्हाणीखाली शिरून बसला होता, कान मागे टाकून. आणि त्याला लगटून, नव्या धोतराला शेण लागलेलं, दादा बसला होता. दोघंही दाराकडे बघत होते.

"आवाज गेलो काय?" दादाने विचारलं.

"गेलो."

"ह्यो कान उभे करीपर्यंत बसतंय मी हय."

मी कंदील खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले. बाहेर भजन पुन्हा चालू झालं. बऱ्याच वेळाने बकऱ्याने एक कान उभा केला, मग दुसरा. मग आम्ही तिघंही उठलो. ह्यावर त्या घरात पुढे कोणीही विनोद केला नाही.

नवसाची गोष्ट गौरी-गणपती गेल्यावर निघाली. आईने विचारलं, ह्या बकऱ्याचं पुढे काय, तेव्हा दादा मान खाली घालून म्हणाला, "ह्येचो नवस आसा. शेवटच्या खेपेक वर चढूच्या आधी आमी सहाव जणांनी आपल्या राखणदाराक गाऱ्हाणा घातला. सगळ्यांका सुखरूप घराक ने, ह्यो बकरो तुका देतंव."

आईचे हात जोडले गेले. "मगे देवक होयो! भात कापून झाला की देवया."

"सगळे खंय इले?" मी म्हटलं.

आईने दादाकडे बघितलं.

"सगळे सुखरूप, असा ठरलेला मां? सहातले चार इले. देवान आपला पाळूक नाय. मगे बकरो कसलो?"

"आपलो इलो मां," आई म्हणाली. ती आई होती, तिने दुसरं काय म्हणावं? आता मला मुलं आहेत, आता ते मला दिसतं. तेव्हा वाटलं, ही बाई दिगूच्या जिवावर आपला मुलगा पदरात घेऊन बसली आहे. मी दादाला धरून गोठ्यात नेलं. त्याचा हात गावकाराच्या पाठीवर ठेवला आणि म्हटलं, "तुका दिगूची शपथ. माझ्याकडून व्हय येयत नाय तोवर ह्यो नवस फेडूचो नाय. ह्या बकऱ्यान नाय, दुसऱ्या खंयच्याय बकऱ्यान नाय."

दादा माझ्याकडे फार विचित्र नजरेने बघत राहिला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, देवाला घाबरला.

त्याच आठवड्यात दिगूची आई आली. पावसातून, दोन एसट्या बदलून. ओटीवर टेकायच्या आधी म्हणाली, "तो खंय आसा?" मी तिला गोठ्यात नेलं. गावकाराने सरळ तिच्या पिशवीत तोंड घातलं आणि भाकरीचा तुकडा ओढून काढला.

"खा रे बाबा," ती म्हणाली. "माझ्या झिलाच्या हातचा खाल्लंस, आता माझ्या हातचा खा." तिने त्याची दाढी मुठीत धरून खालीवर केली. "तू इलंस. तो खंय रवलो?"

तो चावत राहिला.

आईने तिला चोरट्यासारखं नवसाचं सांगितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. दिगूच्या आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "देया मगे. बोललेला पाळूक होया."

"देवान पाळूक नाय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. अजिबात रागावली नव्हती. "त्याचा तो बघून घेय गो. आपण आपला सोडूचा नाय."

मला तिचाही राग आला. मी तांब्या ठेवून निघून गेले. जाताना तिने मला हाक मारली होती, मी ओ दिली नाही. पुढच्या वर्षी ती वारली.

त्या साली पाऊस हटता हटेना. पितृपक्ष लागला, मग नवरात्र. तोवर वाडीत कोणी बकरा कापायचा प्रश्नच नव्हता. आधी सोमवाराने वाचवलं, आता पितर आणि देवी वाचवत होती. मी मनात म्हणत होते, जिंकले. आणि गोठ्याच्या जमिनीतून पाणी वर येत होतं. गावकाराचे खूर भिजून भिजून नरम पडले, फाटले. मग तो खोकायला लागला. गुरांचे डॉक्टर आले, म्हणाले, "हा आपल्याकडचा नाही हो. ह्याला कोरडं लागतं." कोरडं कुठून आणू? कौलं ठिबकत होती, भिंतींना बुरशी होती, काडेपेटी पेटत नव्हती. मी घमेल्यात करवंट्यांचे निखारे करून त्याच्याजवळ ठेवायची. खूर मिठाच्या गरम पाण्याने धुवायची, पुसायची, पुन्हा ओले व्हायचे. करवंटीचा धूर, ओल्या केसांची वाफ, कुजत्या खुराचा वास. रोटी पुढे केली की अजूनही तो आधी दाढी हलवायचा, मान घेतल्यासारखी. फक्त खायचा नाही.

अकरा दिवस तो खोकत होता. घटाच्या सातव्या माळेला सकाळी गेले तर पडला होता, कान सैल.

दादाने काजूच्या झाडाखाली खड्डा खणला. पाय दुखत असतानाही कोणाला कुदळ दिली नाही. माती लोटून झाल्यावर तो पावसात ताठ उभा राहिला थोडा वेळ. आई पडवीतून म्हणाली, "आता देवाक काय सांगतलास ता सांगा." पुढे घरात कोणाला ताप आला, गाय गाभडली, वहिनीला मूल उशिरा झालं, की आई तेच म्हणायची. मरेपर्यंत म्हणायची.

मी तिसऱ्या वर्षी लग्न केलं. नवरा चांगला आहे. बकऱ्याचं मटण मी तेव्हापासून खात नाही. सासरी सगळ्यांना वाटतं, मला पित्त होतं. खरं कारण सांगायचं तर ते सोपं आहे आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. सुरीने तो एका क्षणात गेला असता. मी त्याला वाचवलं, म्हणून त्याला अकरा दिवस लागले.

दुपारी चारपर्यंत गोठा रिकामा झाला. भंगार एकीकडे, जळाऊ एकीकडे. झूल मी ओटीवर दादाच्या मांडीवर नेऊन टाकली.

तो बराच वेळ फितीवरून अंगठा फिरवत होता.

वहिनी म्हणाली, "बरी गावली. उद्या ह्या बकऱ्याक घालूया?"

"नाय," मी म्हटलं. "ती त्याची वर्दी."

वहिनी आत गेली. मी पायरीवर बसून हात झटकले. "आता सांग. गुडघ्याक भियालंस?"

"गुडघ्याक नाय." तो झुलीकडे बघून बोलत होता. "ऑपरेशनाच्या टेबलावर काय झाला तर थंय दिगू भेटतलो. काय सांगू त्येका?"

"देवाच्या नवसाचा दिगूक कित्याक सांगूक होया?"

"गाऱ्हाणा त्येनाच घातलेल्यान गो बाय."

मी वळून बघितलं.

"आमका खंय येता? त्येचो आजो गाऱ्हाणा घाली, त्येका सगळा पाठ. ह्याच झुलीवर हात ठेवून तो बोललो. आमी पाच जणांनी नुसता व्हय म्हाराजा केला. बोललेलो तो. सबूद त्येचो."

फणसाखाली बकरा पान ओढत होता. पानाचा देठ तुटल्याचा आवाज ऐकू येत होता.

"सव्वीस वर्षां," मी म्हटलं. "सव्वीस वर्षां सांगूक नाय तू माका."

"कसा सांगू? तू माका त्येचीच शपथ घातलंस. सबूद पाळू तर शपथ मोडता, शपथ पाळू तर सबूद मोडता. दोनय दिगूचीच."

म्हणजे गोठ्यात त्या दिवशी त्याने तोंड उघडून मिटलं, ते देवाच्या भीतीने नव्हतं. देवाशी भांडायला म्हणून मी जी शपथ घातली तिने दिगूचाच शब्द अडवून धरला होता. त्याची आई आली, तिला हे ठाऊक नसतानाही तिने बरोबर तेच सांगितलं, आणि मी तांब्या ठेवून निघून गेले.

दादा म्हणाला, "तुका राग इलो?"

"इलो. पण तुझो नाय." मी उठले. "नारळ किती हत घरात? मटणाचा वाटप माका वाटूक होया. वहिनीचा पातळ जाता."

त्याने झुलीवरचा हात उचलला.

"व्हय," मी म्हटलं. "व्हय म्हटलंय. आयकलंस मां?"

रविवार, १६ नोव्हेंबर. पाचला उठले. चार नारळ खवले, कांदा-खोबरं भाजलं, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दोन जायपत्रीच्या पाकळ्या. वाटप घट्ट केलं. सड्यावर राखणीला आमच्या वाडीतल्या बायका जात नाहीत. गाऱ्हाणं घालणारे तात्या बकऱ्याचा दोर धरून पुढे निघाले, मागे मी टोप घेऊन चालू लागले तसे थांबले.

"तू खंय?"

"तात्यानू, तुमची दोनय नातवंडा ह्या हातांनी जगात हाडलंय. तेव्हा कोण इचारूक नाय, ही बाय खंय चालली. चला."

तात्या चालू लागले. दादा काठी टेकत, तीनदा थांबत, वर आला. सड्यावर कापलेल्या गवताचा वास होता, दव होतं, दगडाला कोणीतरी आदल्या दिवशीच शेंदूर लावला होता. तात्यांनी नारळ ठेवला, पान मांडलं आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या झिलान लढायेवर असताना तुका बोललेला, सगळ्यांका सुखरूप घराक हाडलंस म्हणान आज ह्यो–"

"थांबा," मी म्हटलं. "सगळे येवक नाय. जसा झाला तसा सांगा."

तात्यांनी दादाकडे पाहिलं. गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत.

"ती सांगता तसाच घाला," दादा म्हणाला.

तात्यांनी घसा साफ केला. मग पुन्हा सुरुवातीपासून, जरा खालच्या आवाजात:

"बा देवा म्हाराजा! लढायेत दिगंबरान तुका सबूद दिलेलो. सगळे सुखरूप येवक नाय म्हाराजा. तो स्वतः येवक नाय. तरी त्येचो सबूद ही माणसां आज पाळतत. काय राग-रुसवो असात तो सोड, मानून घे, आणि ह्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला, वाडीतले तिघे म्हणाले. मीही म्हटलं.

मी तोंड फिरवलं नाही. एका घावात झालं.

जेवण तिथेच शिजलं. राखणीचं घरी न्यायचं नसतं, तिथेच संपवायचं. पहिलं पान दगडापुढे वाढलं, दुसरं मी बाजूला वाढून ठेवलं. कोणाचं ते कोणी विचारलं नाही. मग मी बसले. दादाने माझ्या पानात दोन तुकडे वाढले आणि हात आखडून बघत राहिला. मी खाल्ले. तिखट जरा कमी पडलं होतं.

घरी आले तेव्हा ऊन विहिरीच्या कठड्यावर आलं होतं. दुपारची एसटी गाठायला अर्धा तास होता. मी झूल घेतली, बादलीत बुडवली, साबण लावून फितीजवळ हलक्या हाताने चोळली. रंग अजून कच्चाच होता. पाणी लाल झालं. ओतलं, दुसरं घेतलं, तेही झालं. तिसऱ्या पाण्याला निवळलं. मग पिळून दोरीवर टाकली.